डायमंड हेड: हजार प्रतींच्या एका अल्बमची गोष्ट

गोष्ट इंग्लंडची आहे, पण सुरुवात अमेरिकेतून करू या.

१४ मार्च १९८२. कॅलिफोर्नियातलं अ‍ॅनाहाइम, म्हणजे डिस्नेलँडचं गाव. तिथल्या 'रेडिओ सिटी' नावाच्या छोट्या क्लबात चार पोरं स्टेजवर चढली. हा त्यांचा पहिलाच कार्यक्रम. बँडचं नाव मेटॅलिका. त्या रात्री त्यांनी नऊ गाणी वाजवली. त्यातली स्वतःची फक्त दोन. उरलेल्या सातांपैकी चार गाणी एकाच बँडची होती, आणि तो बँड होता साडेआठ हजार किलोमीटर दूरच्या स्टरब्रिज नावाच्या इंग्लिश गावातला. ही गाणी आमची नाहीत, असं काही पोरांनी लोकांना सांगितलं नाही. कॅलिफोर्नियात ती कुणी ऐकलेलीच नव्हती, मग कळणार कुणाला? लार्स उलरिक, म्हणजे मेटॅलिकाचा ड्रमर, याने पुढे मुलाखतींमधून हे मोकळेपणाने सांगितलंय.

मेटॅलिका पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या बँडपैकी एक झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये ती बेंगळुरूला आली तेव्हा पॅलेस ग्राउंड्सवर देशभरातून पोरं गोळा झाली होती. पण ज्यांची गाणी उचलून ती पहिल्यांदा स्टेजवर उभी राहिली, तो बँड कुठे गेला? त्या बँडचं नाव डायमंड हेड. आजचा भाग त्यांच्यावर.

या बँडची गोष्ट नेहमी दोनपैकी एका सुरात सांगितली जाते. एक सूर 'बिचारे, नशीब फुटकं'. दुसरा 'मेटॅलिकामुळे तरले, नाहीतर कोण विचारत होतं'. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते बघू.

स्टरब्रिज हे गाव बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, वीसेक किलोमीटरवर आहे. या पट्ट्याला 'ब्लॅक कंट्री' म्हणतात. कोळशाच्या खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, धूर आणि काजळी, त्यावरून पडलेलं नाव. स्टरब्रिज त्यातल्या त्यात नाजूक कामाचं गाव, काचेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध. पण आजूबाजूला सगळी लोखंडाची दुनिया. हेवी मेटल संगीत जन्मलं ते याच भागात. ब्लॅक सॅबथ बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन वस्तीतला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा आणि मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं तुटली. जुडास प्रीस्टही याच परिसरातला. लेड झेपलिनचा गायक रॉबर्ट प्लांट आणि ड्रमर जॉन बॉनम हेही इकडचेच. म्हणजे १९७६ साली स्टरब्रिजमध्ये शाळेत जाणाऱ्या पोराला गिटार वाजवावीशी वाटली, तर त्याचे देव बसने जाण्याच्या अंतरावर जन्मलेले होते. आपल्याकडे मिरजेच्या किंवा धारवाडच्या पोराला गाणं शिकावंसं वाटावं, तसंच.

ब्रायन टॅटलर हा तो पोरगा. त्याने आणि वर्गमित्र डंकन स्कॉटने १९७६ च्या उन्हाळ्यात बँड काढला. ब्रायन गिटारवर, डंकन ड्रमवर. ड्रम म्हणजे सुरुवातीला बिस्किटांचे डबे. तालीम ब्रायनच्या झोपायच्या खोलीत. त्या खोलीत फिल मॅन्झनेरा या गिटारवादकाच्या 'डायमंड हेड' अल्बमचं पोस्टर होतं. तेच नाव उचललं. मग शॉन हॅरिस हा गायक आला, आणि ब्रायनचा लहानपणापासूनचा दोस्त कॉलिन किम्बर्ली बेस गिटारवर. हे चौघं म्हणजे मूळ डायमंड हेड.

आता काळ बघा. १९७६–७७ मध्ये ब्रिटनमध्ये पंक रॉकची लाट आली होती. तीन मिनिटांची गाणी, तीन सूर, आणि वाजवता येवो न येवो, थेट स्टेजवर. जुन्या मोठ्या बँडांना पत्रकार टवाळीने 'डायनॉसोर' म्हणू लागले. हेवी मेटल संपलं, असंच लंडनच्या शहाण्या लोकांनी ठरवून टाकलं. पण शेफील्ड, बार्न्झ्ली, न्यूकॅसल, स्टरब्रिज इथल्या पोरांना लंडनचा निकाल कळवलाच नव्हता. ती आपली गॅरेजात आणि पबांमध्ये वाजवत राहिली. मे १९७९ मध्ये 'साउंड्स' या साप्ताहिकात जेफ बार्टनने या नव्या पोरांवर लेख लिहिला आणि त्या लाटेला एक लांबलचक नाव मिळालं: न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटल. त्याच महिन्यात मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. पुढच्या तीन वर्षांच्या आत ब्रिटनमधल्या बेकारांचा आकडा तीस लाखांवर गेला, आणि कारखाने बंद पडण्याचा सर्वांत मोठा फटका ज्या भागांना बसला त्यांत हा बर्मिंगहॅमचा पट्टा होता. लोखंडाच्या गावांत लोखंडाचं काम संपत होतं, आणि तिथली पोरं लोखंडाच्या नावाचं संगीत वाजवत होती. यात कुणाला प्रतीक दिसत असेल तर दिसो. त्या पोरांना बहुतेक नोकरीच दिसत नव्हती.

पंकवाल्यांकडून या पोरांनी एक गोष्ट मात्र उचलली: कंपनीची वाट बघू नका, रेकॉर्ड स्वतः काढा. डेफ लेपर्डने १९७९ मध्ये तसंच केलं. आयर्न मेडननेही. आणि डायमंड हेडनेही.

जानेवारी १९८० मध्ये डायमंड हेडला एसी/डीसीच्या आधी वाजवायची संधी मिळाली. २७ जानेवारीला साउथहॅम्प्टनला झालेला कार्यक्रम हा एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट याचा शेवटचा ठरला. तीन आठवड्यांनी तो गेला. या चौघांचं वय तेव्हा विशीच्या आसपास, हातात रेकॉर्ड एकही नाही, आणि समोर एसी/डीसीला बघायला आलेलं खचाखच भरलेलं थिएटर.

त्याच वर्षी ते वुस्टरच्या 'ओल्ड स्मिदी' स्टुडिओत गेले. स्मिदी म्हणजे लोहाराचा भाता चालतो ती जागा. आठवड्याभरात सात गाणी रेकॉर्ड झाली. बेत असा होता की तयार माल कंपन्यांना दाखवायचा, मग कुणीतरी घेईलच. कुणी घेतला नाही. तेव्हा 'हॅपी फेस' नावाच्या लेबलवर हजार प्रती छापल्या. कव्हर पूर्ण पांढरं. ना चित्र, ना नाव. चित्रकाराला द्यायला पैसे कुठले? त्याऐवजी प्रत्येक प्रतीवर चौघांपैकी एकाची सही. 'साउंड्स'मध्ये जाहिरात दिली आणि साडेतीन पौंडात, टपालखर्चासह, घरपोच विकली. आज तिला 'लाइटनिंग टू द नेशन्स' म्हणतात. तेव्हा लोक तिला नुसतंच 'पांढरा अल्बम' म्हणायचे.

हेवी मेटल कधीच न ऐकलेल्यांसाठी एक शब्द समजून घेऊ: रिफ. गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा म्हणजे रिफ. तबल्याच्या एकल वादनात मागे सारंगीवर किंवा हार्मोनियमवर लेहरा फिरत राहतो ना, साधारण तसा. फरक एवढाच की लेहरा मागे राहून तबल्याला आधार देतो. रिफ पुढे येतो, तोच गाण्याचा कणा. आणि बहुतेक बँड एका गाण्यात एक किंवा दोन रिफ वापरून काम भागवायचे. टॅटलर पाच-सहा वापरायचा. 'साउंड्स'मध्ये तेव्हा लिहून आलं होतं की यांच्या एका गाण्यात ब्लॅक सॅबथच्या पहिल्या चार अल्बमांपेक्षा जास्त चांगले रिफ आहेत. ही अतिशयोक्ती होती हे उघड आहे. पण ती कुणाबद्दल करावीशी वाटली, हे महत्त्वाचं.

त्या अल्बमवरचं चौथं गाणं 'अ‍ॅम आय ईव्हिल?'. साडेसात मिनिटांहून थोडं मोठं. टॅटलरने सांगितलंय की सॅबथच्या 'सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स'पेक्षा वजनदार रिफ करायचा, असं त्याच्या डोक्यात होतं. गाणं सुरू होतं ते मात्र एका वेगळ्याच घरातून. गुस्ताव होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराची 'द प्लॅनेट्स' ही ऑर्केस्ट्राची रचना आहे, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. त्यात मंगळ ग्रहाचा, म्हणजे युद्धदेवतेचा भाग आहे: ठोके देत पुढे सरकणारी, छातीवर दाब आणणारी लय. 'अ‍ॅम आय ईव्हिल?'ची सुरुवात त्या लयीवर उभी आहे. मग ड्रमचा एक लोळ, गिटारची झरझर उतरणारी एक ओळ, आणि नंतर तो मुख्य रिफ: संथ, जड, निर्लज्जपणे साधा. गाणं त्या चालीने निम्म्याहून जास्त जातं आणि मग अचानक वेग दुप्पट होतो, जणू दुसरंच गाणं सुरू झालं. त्यावर टॅटलरचा लांब सोलो. प्रत्येक भाग आधीच्याला धक्का देत पुढे जातो. विलंबितातून द्रुतात जाण्याची सवय असलेल्या आपल्या कानांना यात काहीतरी ओळखीचं वाटतं, असा माझा अनुभव आहे. संगीतशास्त्राच्या दृष्टीने यात साम्य नाही, तेव्हा पंडितांनी रागावू नये.

आता तो डॅनिश मुलगा. लार्स उलरिकचे वडील टॉर्बेन उलरिक हे व्यावसायिक टेनिसपटू होते. १९८० मध्ये कुटुंब डेन्मार्कहून कॅलिफोर्नियाला आलं, मुलाने टेनिस शिकावं म्हणून. मुलाने 'साउंड्स' वाचलं आणि टपालाने ब्रिटिश रेकॉर्ड मागवायला सुरुवात केली. त्यात पांढरा अल्बम आला. १९८१ च्या उन्हाळ्यात सतरा वर्षांचा हा मुलगा एकटा विमानात बसला आणि लंडनला आला, वूलिच ओडियनला डायमंड हेडचा कार्यक्रम बघायला. कार्यक्रम संपल्यावर मागच्या दाराने जाऊन भेटला, कॅलिफोर्नियाहून आलोय म्हणाला. राहायची सोय काय? काहीच नाही. चौघांनी त्याला बरोबर घेतलं आणि स्टरब्रिजला आणलं. काही दिवस तो टॅटलरच्या आईवडिलांच्या घरी, ब्रायनच्या खोलीत जमिनीवर झोपला. मग हॅरिसकडे. कार्यक्रमांना त्यांच्याबरोबर फिरला, त्यांच्या रेकॉर्ड ऐकल्या, त्यांना गाणी रचताना पाहिलं. टॅटलर सांगतो की आपण ड्रम वाजवतो हे या मुलाने त्यांना सांगितलंसुद्धा नव्हतं.

तो परत गेला आणि ऑक्टोबर १९८१ मध्ये जेम्स हेटफील्डबरोबर त्याने मेटॅलिका सुरू केली. पुढच्या मार्चमध्ये अ‍ॅनाहाइम.

इथे जरा थांबू या. लार्स स्टरब्रिजहून चार सुरावटी घेऊन गेला असं समजलं तर अर्धीच गोष्ट कळते. गाणं सात-आठ मिनिटांचं असू शकतं, त्यात अनेक रिफ साखळीसारखे जोडता येतात, संथ आणि वेगवान भाग एकाच गाण्यात नांदू शकतात, ही घडण तो घेऊन गेला. मेटॅलिकाच्या पहिल्या अल्बमवरचं 'द फोर हॉर्समेन' ऐका आणि शेजारी 'अ‍ॅम आय ईव्हिल?' ठेवा. सूर वेगळे, शब्द वेगळे, वेग जास्त. सांगाडा मात्र ओळखू येतो. या सांगाड्यावर पुढे थ्रॅश मेटल नावाची अख्खी शाखा वाढली. म्हणून मी डायमंड हेडला 'मेटॅलिकाने वाचवलेला बँड' म्हणत नाही. उपकाराचा हिशोब मांडायचाच तर पहिली नोंद स्टरब्रिजच्या खात्यावर पडते.

मग हे चौघं स्वतः का मोठे झाले नाहीत?

याची नेहमी दिली जाणारी कारणं १९८३ मधली आहेत, ती येतीलच. माझ्या मते खरं नुकसान १९८० आणि ८१ मध्ये झालं. त्या दोन वर्षांत दार उघडं होतं. आयर्न मेडनने १९७९ मध्ये रॉड स्मॉलवूड हा धंद्यातला मॅनेजर धरला आणि वर्षाअखेरीस ईएमआयशी करार केला. डेफ लेपर्डकडे पीटर मेन्श आला, जो एसी/डीसीबरोबर काम करत होता. दोघांचेही पहिले अल्बम १९८० च्या वसंतात मोठ्या कंपन्यांकडून दुकानात आले. डायमंड हेडचं व्यवस्थापन कुणाकडे? शॉनच्या आईकडे आणि तिच्या जोडीदाराकडे. माणसं प्रेमळ होती, पोरांसाठी पदरचे पैसे घालणारी होती. तीच नसती तर पांढरा अल्बमही निघाला नसता, हे विसरून चालणार नाही. पण लंडनच्या कंपन्यांशी वाटाघाटी करणं हे त्यांचं काम नव्हतं. मोठा करार येईल म्हणून वाट बघणं चाललं. घरच्या माणसाला 'तुला हे जमत नाहीये' असं वीस वर्षांच्या मुलाने कसं सांगायचं? आपल्याकडे घरच्या दुकानात काम केलेल्या कुणालाही हा पेच समजावून सांगायला नको.

त्यात आणखी एक वेंधळेपणा. अल्बमच्या मूळ टेप 'वूल्फ' नावाच्या जर्मन कंपनीकडे गेल्या, तिने तिकडे तो छापलाही, आणि टेप कित्येक वर्षं परत मिळाल्या नाहीत.

हाच पीटर मेन्श पुढे क्लिफ बर्नस्टीनबरोबर 'क्यू प्राइम' काढतो आणि १९८४ मध्ये मेटॅलिकाला हाताशी धरतो. म्हणजे मेटॅलिकाने डायमंड हेडची गाणीही घेतली आणि डायमंड हेडला न मिळालेला मॅनेजरचा प्रकारही मिळवला.

एमसीएबरोबर करार झाला आणि १९८२ मध्ये त्या कंपनीकडून रेकॉर्ड येऊ लागल्या. 'बॉरोड टाइम' हा अल्बम त्याच वर्षी आला, रॉडनी मॅथ्यूजने काढलेल्या भपकेदार कव्हरसकट, आणि ब्रिटिश यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत गेला. वाईट नव्हे. रेडिंगच्या महोत्सवात ऐनवेळी वाजवायला मिळालं, हॅमरस्मिथ ओडियनला कार्यक्रम झाला. शॉन हॅरिसचा आवाज प्लांटची आठवण करून देणारा, त्यामुळे 'पुढचे लेड झेपलिन' हा शिक्का बसला. हा शिक्का म्हणजे शाप, असं माझं मत आहे. आजवर ज्याच्यावर तो बसला त्याचं भलं झाल्याचं मला तरी आठवत नाही. अल्बमवर जुनी दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली होती, अधिक स्वच्छ, अधिक सफाईदार. आणि अधिक मिळमिळीत. वुस्टरच्या स्टुडिओत आठवड्याभरात जे जमलं होतं ते मोठ्या पैशांत जमलं नाही.

१९८३ चा 'कँटरबरी' अल्बम हा प्रयोग होता. वेगळी, गुंतागुंतीची, कमी वजनाची गाणी. तो करता करता स्कॉट आणि किम्बर्ली दोघंही बँडबाहेर गेले. शाळेपासूनची चौकडी तुटली. वर छपाईत घोळ झाला: पहिल्या वीस हजार प्रतींमध्ये दोष, सुई उडी मारायची. ज्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात धावत जाऊन रेकॉर्ड घेतली, म्हणजे सर्वांत निष्ठावान चाहते, त्यांच्याच हातात खराब माल. डॉनिंग्टनच्या 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक'मध्ये त्यांनी दिवसाची सुरुवात करून दिली, पण एमसीएने १९८४ च्या सुरुवातीला करार संपवला आणि १९८५ मध्ये बँड बंद पडला.

नशीब फुटकं म्हणणारे या वीस हजार प्रतींवर बोट ठेवतात. ते दुर्दैव होतं, मान्य. पण भक्कम बँड अशा दुर्दैवातून उठतो. १९८३ पर्यंत हा बँड आतून पोकळ झाला होता, आणि ती वाळवी दोन-तीन वर्षं आधी लागलेली होती.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. शेकडो ब्रिटिश बँडांची इथेच संपली.

नोव्हेंबर १९८४ मध्ये, म्हणजे डायमंड हेड शेवटचे आचके देत असताना, मेटॅलिकाने 'क्रीपिंग डेथ' हे सिंगल काढलं आणि त्याच्या मागच्या बाजूला 'अ‍ॅम आय ईव्हिल?' टाकलं. १९८७ मध्ये 'हेल्पलेस'. १९८८ मध्ये 'द प्रिन्स'. त्याच वर्षी मेटॅलिकाचा पहिला अल्बम अमेरिकेत पुन्हा छापला गेला तेव्हा 'अ‍ॅम आय ईव्हिल?' त्यावर जास्तीचं गाणं म्हणून आलं. आणि १९९८ मध्ये 'गॅरेज इन्क.' या दुहेरी अल्बमवर आधीची तिन्ही गाणी आणि नवं 'इट्स इलेक्ट्रिक'. पांढऱ्या अल्बमवरच्या सात गाण्यांपैकी चार. मी तेव्हा इंदूरला होतो. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरात गाण्यांखाली दोन आडनावं छापलेली होती: हॅरिस, टॅटलर. त्या आडनावांचा अर्थ असा की पैसे त्यांना जाणार.

हा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. गाण्याला दोन हक्क असतात. एक त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा, दुसरा मूळ रचनेचा. मेटॅलिकाने गाणी नव्याने रेकॉर्ड केली, तेव्हा रेकॉर्डिंगचा हक्क मेटॅलिकाचा आणि तिच्या कंपनीचा. रचनेचा हक्क मात्र लिहिणाऱ्यांचा. प्रत्येक विकल्या गेलेल्या प्रतीमागे रचनाकाराला कायद्याने काही सेंट मिळतात. काही सेंट म्हणजे काहीच नाही, पण मेटॅलिकाचे अल्बम लाखांनी खपतात तेव्हा त्याचं घर चालतं. टॅटलरने अनेकदा सांगितलंय की या पैशांमुळे तो संगीतात टिकून राहू शकला.

यात एक बोचरी बाजू आहे. कागदावर नावं दोनच. किम्बर्लीचा बेस आणि स्कॉटचे ड्रम त्या सात गाण्यांत इतके विणलेले आहेत की ते काढले तर गाणं उभं राहत नाही, पण रचनेच्या हक्कात त्यांचा वाटा नाही. बँड चौघांचा, कागद दोघांचा. यात कुणाची लबाडी नाही. जगभर हीच पद्धत आहे: सुरावट आणि शब्द ज्याचे, रचना त्याची. तरी मला ते खटकतं. बिस्किटांच्या डब्यांवर ज्याने सुरुवात केली, तो या हिशोबात कुठेच नाही.

पुढचं भराभर सांगतो. १९९१ मध्ये टॅटलर आणि हॅरिस पुन्हा एकत्र आले. १९९३ मध्ये 'डेथ अँड प्रोग्रेस' हा अल्बम आला आणि त्यावर टोनी आयोमी आणि मेगाडेथचा डेव्ह मस्टेन पाहुणे म्हणून वाजवून गेले. त्याच वर्षी ५ जूनला मिल्टन कीन्सच्या मैदानात मेटॅलिका आणि मेगाडेथबरोबर त्यांचा कार्यक्रम झाला. शॉन हॅरिस स्टेजवर आला तो यमदूताचा काळा झगा घालून, हातात कोयता: ब्रिटिश हेवी मेटलची ती लाट मेली, असं जणू जाहीर करत. हजारो लोक पहिल्यांदा हा बँड बघत होते आणि गायक आपल्याच पिढीचा मर्तिकाचा वेष घालून उभा. विनोद म्हणून ठीक असेल, पण मला तो हट्टी, दुखावलेल्या माणसाचा विनोद वाटतो. वर्षभरात बँड पुन्हा फुटला.

नव्या शतकात परत जमवाजमव झाली. २००४ मध्ये हॅरिस कायमचा बाहेर पडला. टॅटलर मात्र थांबला नाही. नवे गायक घेतले, आधी निक टार्ट, मग रास्मुस बॉम आंडरसन. हा रास्मुस डॅनिश आहे, लार्ससारखाच. जून २०१० मध्ये बल्गेरियातल्या सोफियाला मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ आणि अँथ्रॅक्स हे थ्रॅशचे चार मोठे बँड एकत्र आले आणि चारही बँडांतल्या वादकांनी मिळून एकच गाणं वाजवलं. चार बँडांकडे मिळून शेकडो गाणी होती. निवडलं ते 'अ‍ॅम आय ईव्हिल?'. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये मेटॅलिकाने सॅन फ्रान्सिस्कोला तीस वर्षं साजरी केली तेव्हा टॅटलर आणि हॅरिस दोघंही त्या स्टेजवर होते.

२०२० मध्ये पांढऱ्या अल्बमला चाळीस वर्षं झाली. टॅटलरने नव्या साथीदारांबरोबर ती सातही गाणी पुन्हा रेकॉर्ड केली आणि जोडीला चार परक्या बँडांची गाणी घेतली. त्यातलं एक मेटॅलिकाचं आहे, 'नो रिमोर्स', १९८३ चं. म्हणजे ज्याने त्याच्या खोलीत जमिनीवर झोपून शिकून घेतलं, त्याचं गाणं आता टॅटलर वाजवतोय आणि रचनेचे चार पैसे उलट दिशेने जातायत.

आणि २०२३ मध्ये सॅक्सन या त्याच लाटेतल्या बँडला गिटारवादक हवा होता, तेव्हा त्यांनी टॅटलरला बोलावलं. अ‍ॅनाहाइमनंतर दोन आठवड्यांनी मेटॅलिकाने लॉस एंजेलिसच्या 'व्हिस्की अ गो गो' क्लबात दुसरा कार्यक्रम केला होता, तो सॅक्सनच्या आधी वाजवण्याचा. सॅक्सनच्या २०२४ च्या अल्बमवर टॅटलरची गिटार आहे.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी क्रम असा ठेवावा. आधी १९८० चं मूळ 'अ‍ॅम आय ईव्हिल?', हेडफोन लावून. आवाजात खरखर आहे, ती राहू द्या. मग १९८२ चं एमसीएवालं. मग १९८४ चं मेटॅलिकाचं. तिन्ही मिळून पंचवीसेक मिनिटं लागतील. पहिल्यात ड्रमचा तो लोळ येतो तिथे कान देऊन ऐका. तो डंकन स्कॉट आहे.